कसारा चढला की गाडी रुसते: टर्बोजवळची वायरिंग उष्णतेने गेली, दुरुस्त कशी करावी आणि पुढे कशी जपावी?

चाकोरी

माझी २०१३ची डिझेल हॅचबॅक आहे, टर्बोवाली, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. एप्रिलपासून तिचं एकच दुखणं आहे. मुंबईहून येताना कसाऱ्याचा घाट व्यवस्थित चढते, पण इगतपुरीच्या पुढे चहाला थांबलं की परत चालू होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. पाऊण तास बॉनेट उघडं ठेवलं की एका सेल्फमध्ये चालू. दुसऱ्यांदा झालं तेव्हा आई सोबत होती. दुपारी दोनच्या उन्हात तिला रस्त्याच्या कडेला बसवून ठेवावं लागलं, म्हणून आता हे मुळापासून निस्तरायचं ठरवलंय.

आतापर्यंत काय झालं ते सांगतो. स्कॅनरवर पी ०३३५ कोड आला, म्हणजे क्रँक सेन्सरचं (इंजिनचा दांडा फिरतोय का हे सांगणाऱ्या सेन्सरचं) सर्किट. गॅरेजवाल्याने सेन्सर नवा टाकला. महिन्याभराने परत तेच. मग वायरमनने टर्बोमागची वायरिंग काळ्या टेपने घट्ट गुंडाळून दिली. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. काल रविवारी मी स्वतः ती टेप सोडवली. टेपचा डिंक वितळून सगळं चिकट झालेलं. फ्लेक्झिबल पाइप हात लावताच भुगा. आतल्या चार वायरींचं आवरण वाकवलं की बिस्किटासारखं तुटतंय, आणि एका ठिकाणी तांबं उघडं पडलंय.

पूर्ण हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या सगळ्या गुच्छाचा, जो खर्च सांगितलाय तो या वयाच्या गाडीवर करणं परवडणार नाही. तेवढाच वीतभर भाग बदलता येतो का? आणि नंतर वरून काय घालावं म्हणजे पुढचे उन्हाळे निघतील?

पिंपळगावचा_पिकअप

भाऊ, आधी उंदीर नाहीत ना ते बघा. आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम संपला की शेडमधले उंदीर गाडीत शिरतात, आणि इंजिन गरम असल्यामुळे तिथेच बसतात. माझ्या पिकअपची वायरिंग दोनदा खाल्लीय. उंदराचं काम असेल तर आवरणाला बारीक बारीक खाचा दिसतात, वायर मात्र मऊच असते, आणि बॅटरीच्या ट्रेखाली कचरा-लेंड्या सापडतात.

चाकोरी

नाही दादा, खाचा कुठेच नाहीत. वायर कडक आणि तपकिरी झालीय, तीही फक्त टर्बोच्या बाजूने. मागची बाजू अजून मऊ आहे.

जुना_वायरमन

अठ्ठावीस वर्षं मुंबई नाक्याजवळ हेच काम केलं, आता हात थांबवलाय. तुम्ही लिहिलंय त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "चहाला थांबलं की" हे आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा येतो, पंखा फिरतो, पाणी फिरतं. घाट चढून लगेच गाडी बंद केली की हे तिन्ही थांबतात, पण मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा भाग) आणि टर्बोचं लोखंड तापलेलंच असतं. ती धग बाहेर पडायला वाट नसते, म्हणून बॉनेटखालचं तापमान बंद केल्यावर काही मिनिटं आणखी वाढतं. मोडायला आलेली वायर नेमकी तेव्हा दगा देते.

दोन गोष्टी बघून सांगा. मॅनिफोल्डवर एक पातळ पत्रा असतो, तो जागेवर आहे का, त्याचे सगळे बोल्ट आहेत का? आणि कंपनीने हार्नेस ज्या क्लिपमध्ये बसवला होता ती क्लिप आहे का? मागे कधी टर्बोचं काम झालं होतं का?

वायर आपोआप दहा वर्षांत अशी होत नाही. कुणीतरी तिला तिच्या जागेवरून हलवलेलं असतं.

चाकोरी

काका, अंगावर काटा आला. दोन वर्षांपूर्वी टर्बो काढून दुरुस्त केला होता. आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. पत्र्याच्या तीन बोल्टपैकी एकच आहे, पत्रा लोंबतोय. क्लिप नाही, तिच्या जागी प्लॅस्टिकची झिप टाय होती, ती तुटून पडलीय. हार्नेस टर्बोच्या घरापासून अंगठ्याएवढ्या अंतरावर लटकतोय. सेन्सर बदलला, टेप मारली, पण या तीन महिन्यांत हे कुणीच पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

जुना_वायरमन

मग अर्धं काम झालं. हवा ही सगळ्यात चांगली ढाल. अंगठ्याएवढं अंतर वीतभर केलं तर जो फरक पडतो तो वायरींवर चढवायच्या कुठल्याही महागड्या स्लीव्हने पडत नाही. आधी पत्रा आणि क्लिप, मग वायर, स्लीव्ह सगळ्यात शेवटी. लोक उलट क्रमाने करतात आणि परत येतात.

हार्नेसताई

मी अकरा वर्षं वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात काम करते, आधी लेआउट बोर्डवर टेपिंगला होते, आता तपासणीला आहे. वीतभर भाग नक्की बदलता येतो आणि नीट केला तर गाडीच्या आयुष्यभर टिकतो. सविस्तर लिहिते, कारण यात लहान लहान चुकाच महाग पडतात.

सुरुवात बॅटरीपासून. मायनस आधी काढायचा आणि सगळं झाल्यावर मायनस शेवटी लावायचा. पिवळ्या पाइपातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या (जोडणीच्या प्लगच्या) वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

खराब भाग कुठे संपतो हे डोळ्यांनी ठरवू नका. वायर बोटाभोवती वळवून बघा. आवरणाला चीर पडली किंवा पांढरट रेघ उठली तर तो भाग गेला. चीर पडत नाही तिथून आणखी दोन बोटं मागे जाऊन कापा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर आणखी मागे, चकचकीत लाल दिसेपर्यंत.

आता वायर कुठली घ्यायची? दुकानदार घराच्या फिटिंगची वायर पुढे करतो, ती घेऊ नका. घरच्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं. गाडीतली साधी पातळ आवरणाची वायर १०५ अंशांपर्यंतची येते. इंजिनजवळ क्रॉसलिंक्ड आवरणाची १२५ अंशांची लागते. मोटारीच्या वायरींच्या आंतरराष्ट्रीय मानकात हेच वर्ग आहेत: ए ८५, बी १००, सी १२५, डी १५०. तुम्हाला कमीत कमी सी हवी. जाडी मूळ वायरएवढीच. सेन्सरच्या वायरी बहुतेक ०.३५ किंवा ०.५ चौरस मिलिमीटरच्या असतात. रंगही तोच मिळवा. नाही मिळाला तर दोन्ही टोकांना खूण करून फोटो काढून ठेवा, पुढच्या वायरमनला दुवा लागेल.

एका वेळी एकच वायर कापा. चारही एकदम कापल्या आणि रंग विटलेले असले तर कुठली कुठे हे कळणार नाही.

जोड सोल्डरने नको, क्रिम्पने करा, म्हणजे दोन्ही टोकं धातूच्या छोट्या नळीत घालून ती टूलने दाबायची. जोड एका रेषेत येऊ देऊ नका. पहिला जोड इथे, दुसरा चार सेंटिमीटर पुढे, तिसरा त्याच्याही पुढे. एकाच जागी चार जोड आले की तिथे गाठ होते, गुच्छ वाकत नाही, आणि एखाद्या जोडाचं आवरण फाटलं तर शेजारच्याला लागून शॉर्ट होतो. श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आकसणारी नळी) जोड करण्याआधी वायरवर ओवून ठेवा, आमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आतून डिंक असलेली ट्यूब घ्या, तापवल्यावर टोकांतून डिंकाचा थेंब बाहेर आला म्हणजे पाणी आत जाणार नाही. काडीपेटीने तापवू नका, एक बाजू जळते आणि दुसरी कच्ची राहते. हीट गन नसेल तर कुणाकडून तासाभरासाठी आणा.

क्रँक सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतील किंवा वरून जाळी असेल तर ती रचना तशीच ठेवा, जाळीही पुन्हा जोडा. तो पीळ बाहेरचा विद्युत गोंधळ सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून असतो. कॅन लाइनच्या (गाडीतल्या कंट्रोलरना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींच्या) जोडीलाही हेच लागू. आणखी एक: ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत त्याच्या स्वतःच्या वायरीला सोल्डर करू नका. काही सेन्सर वायरच्या तारांमधल्या फटीतून संदर्भासाठी हवा घेतात, ती वाट बंद होते.

जुना_वायरमन

ताई, बाकी सगळं मान्य. पण क्रिम्पबद्दल माझं मत वेगळं आहे. मी आयुष्यभर सोल्डरच केलं. पक्कडीने दाबलेले जोड महिन्यात सुटून आलेले मी शेकड्याने पाहिलेत.

हार्नेसताई

काका, पक्कडीने दाबलेला जोड सुटणारच, तुमचा अनुभव खरा आहे. पण तो क्रिम्प नव्हे. मापाची नळी आणि मापाचे दात असलेलं क्रिम्पिंग टूल वापरलं की तारा आणि नळी इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवा उरत नाही. जोड झाल्यावर हाताने जोरात ओढून बघायचा. सुटला तर बरं झालं आत्ताच सुटला.

सोल्डरची अडचण दुसरी आहे. कथिल तारांमधून आवरणाखाली काही मिलिमीटर पुढे चढतं. तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. इंजिन सतत हलतं, आणि वायर नेमकी ताठ भाग संपतो तिथे तुटते. शिवाय ६०-४० कथिल १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी त्याची ताकद जाते.

जुना_वायरमन

आवरणाच्या कडेलाच तुटते, हे अगदी बरोबर. असे कित्येक जोड मीच पुन्हा केलेत, कारण मात्र कधी असं लक्षात घेतलं नव्हतं. डॅशबोर्डमागे, जिथे हलत नाही आणि तापत नाही, तिथे मी सोल्डरच म्हणेन. इंजिनवर तुमचं ऐकतो.

चाकोरी, एक पुस्ती. जोड झाल्यावर नुसता मीटरचा बीप ऐकून समाधान मानू नका. वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर बीप करतो. सेन्सरचा आणि ईसीयूचा (इंजिनच्या कंप्युटरचा) असे दोन्हीकडचे कपलर काढा, मग त्या वायरीतून २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवून बघा, मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज ठेवून. बल्ब लख्ख पेटला, वायर हलवली तरी मिणमिणला नाही, तर जोड पास. कपलर काढल्याशिवाय हे मुळीच करू नका, ईसीयू जाईल.

रिवाइंडिंगवाला_सातपूर

मी मोटारी भरतो, म्हणजे कारखान्यांच्या इलेक्ट्रिक मोटारी. वायरच्या आवरणाचं मरण आम्ही रोज बघतो. आमच्या धंद्यात जुना हिशोब आहे: आवरणाच्या मर्यादेच्या वर दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं. पीव्हीसी मऊ असते ती तिच्यात मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्यामुळे. उष्णतेने ते उडून जातं, मग उरतं ते बिस्किट.

स्लीव्हसाठी लांब जायची गरज नाही. रिवाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात काचेच्या धाग्याची स्लीव्ह मीटरवर मिळते. साधी वार्निशवाली घेऊ नका, "एच क्लास, सिलिकॉन कोटेड" असं मागा. आमच्याकडे बी म्हणजे १३० अंश, एफ १५५, एच १८०. नुसत्या काचेच्या धाग्याची, कोटिंग नसलेलीही मिळते आणि ती जास्त उष्णता सोसते, पण डिझेल-ऑइल शोषून घेते. इंजिनजवळ तेलाने भिजलेली वात नको. टर्बोच्या अगदी जवळून जायचंच असेल तर जाड सिलिकॉन लेपाची फायर स्लीव्ह येते, होज पाइपांवर घालतात ती. ती २६० अंशांपर्यंत चालते.

आणि कुणी जुनी एस्बेस्टॉसची दोरी देऊ केली तर हातही लावू नका. तिचे तंतू फुप्फुसात बसतात.

सीएनजीवाला_सिडको

याच धाग्यात विचारतो. माझ्या गाडीच्या हेडलाइटचा कपलर वितळलाय, मागची वायर पण कडक झालीय. बल्ब १००/९० वॉटचे टाकलेत, दिंडोरी रोडला रात्री दिसत नाही म्हणून. नवा कपलर टाकून त्यावर ही एच क्लासची स्लीव्ह घातली तर चालेल ना?

रिवाइंडिंगवाला_सातपूर

नाही. कृपा करून घालू नका. चाकोरींच्या वायरला बाहेरून धग लागतेय, तुमची वायर आतून तापतेय. आतून तापणाऱ्या वायरला स्लीव्ह घातली तर तापलेल्या माणसाला रजई पांघरल्यासारखं होईल.

हिशोब बघा. ५५ वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर लागतात, ९० वॉटला साडेसात. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपटीहून जास्त. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, २० वरून १०० अंशांवर गेलं तर सुमारे ३१ टक्के. म्हणजे तापली की आणखी तापते. ६०/५५चे बल्ब परत टाका आणि नवा सिरॅमिकचा होल्डर बसवा. प्रकाश कमी वाटतोय त्याचं कारण बहुतेक वेळा मळकी काच आणि गंजलेलं अर्थिंग असतं. लाइट चालू ठेवून बॅटरीचा मायनस आणि हेडलाइटचं अर्थ यांच्यात व्होल्ट मोजा. पाव व्होल्टाच्या पुढे दिसलं तर आधी तो बोल्ट काढून घासा.

जुना_वायरमन

आणि दादा, फ्यूज बघा. बल्ब मोठे टाकणाऱ्याने १०चा लाल काढून २०चा पिवळा टाकलेला असतो. फ्यूज हा वायरीसाठी असतो, बल्बसाठी नाही. तुमच्याकडे सीएनजी आहे, किटच्या वायरी बहुतेक वेळा मूळ वायर सोलून, नुसत्या पिळून, टेप मारून जोडलेल्या असतात. हेडलाइटचं काम करताना तेही जोड तपासून घ्या.

सीएनजीवाला_सिडको

फ्यूज पाहिला. पिवळाच निघाला. आज रात्रीच बल्ब काढतो.

पिंपळगावचा_पिकअप

ताई, काचेच्या स्लीव्हवर वरून काय? माझ्या पिकअपला मेकॅनिकने चंदेरी टेप मारली, ती चांगली का?

हार्नेसताई

दादा, चंदेरी टेप दोन प्रकारची असते. एक एसीच्या डक्टची, तिचा डिंक इंजिनजवळ टिकत नाही. दुसरी काचेच्या कापडावर ॲल्युमिनियम बसवलेली, ती खरी. चकाकणारी बाजू गरम भागाकडे हवी आणि मध्ये मोकळी हवा हवी. समोरून येणारी धग ती परतवते. पण तीच टेप गरम लोखंडाला टेकली तर ॲल्युमिनियम उष्णता सरळ आत नेतं.

गुच्छ बांधायला काळी पीव्हीसी टेप नको, हार्नेसची कापडी टेप घ्या. फ्लेक्झिबल पाइप नायलॉनचा घ्या, त्याची चीर खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. झिप टायही साधी नको, तिची मर्यादा ८५ अंशांच्या आसपासच असते. टर्बोजवळ स्टीलची टाय लावा, तिची कापलेली कड हार्नेसच्या बाजूला येऊ देऊ नका. आणि थोडी ढील ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर झुलतं, ताणलेली वायर कपलरच्या तोंडाशी तुटते.

चाकोरी

काम झालं. दोन रविवार गेले.

चार नव्हे, सहा वायरी गेल्या होत्या. दोन बाहेरून धड दिसत होत्या, ताईंच्या बोटाभोवती वळवायच्या परीक्षेत चिरल्या. क्रँक सेन्सरच्या जोडीला पीळ होता, तो पुन्हा दिला. माझे पहिले दोन क्रिम्प ओढल्यावर सुटले, तेव्हा टूलचा खाचा एक माप मोठा वापरत होतो हे कळलं. काकांनी सांगितलेल्या बल्बच्या चाचणीत एक जोड मिणमिणला, तोही पुन्हा केला. मीटरवर तो बीप करत होता.

पत्र्याला तीनही बोल्ट लावले. क्लिप सुटी मिळाली नाही, म्हणून इंजिनवरच्या एका रिकाम्या भोकावर लोखंडी पट्टी वाकवून रबर लावलेला पी-क्लॅम्प बसवला. हार्नेस आता टर्बोपासून वीतभर लांब आहे. एच क्लासची स्लीव्ह सातपूरला मिळाली.

काल नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाऊन आलो, मुद्दाम दुपारी. मल्टिमीटरची तापमानाची तार एक स्लीव्हच्या आत आणि एक बाहेर बांधली होती. वर पोचून गाडी बंद केली तेव्हा काकांचं म्हणणं डोळ्यांनी पाहिलं: बाहेरच्या तारेचा आकडा उतरायच्या ऐवजी आठ-नऊ मिनिटं चढत राहिला, शंभरीच्या पुढे गेला. आतला मागून, सावकाश चढला आणि शंभरीच्या बराच खाली थांबला. वीस मिनिटांनी सेल्फ मारला, लगेच चालू. देवीचं दर्शन घेऊन आल्यावर परत मारला, लगेच चालू.

आता घाट चढल्यावर दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवतो, मगच बंद करतो.

जुना_वायरमन

छान केलंत. पहिल्या पावसानंतर एकदा पाइप उघडून बघा, आत ओल धरतेय का. इगतपुरीचा पाऊस फार बारीक वाटेने आत शिरतो. कपलरच्या पिनांवर हिरवं दिसलं तर साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, थोडंसंच.

चाकोरी

ऑगस्टचा शेवट. इगतपुरीच्या बाजूला या पावसात सहा फेऱ्या झाल्या. आज पाइप उघडला, आत कोरडं आहे. पिनांवर काही नाही. पी ०३३५ परत आलेला नाही. परवा आईला मुंबईला सोडून आलो, येताना घाट चढल्यावर त्याच टपरीवर थांबलो.

स्लीव्ह दोन मीटर आणली होती, सव्वा मीटर उरलीय. १२५ अंशांची ०.५ची वायरही आहे, हिरवी आणि तपकिरी. इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे कुणाला लागत असेल तर इथेच कळवा. क्रिम्पिंग टूलसुद्धा दोन दिवसांसाठी देऊ शकतो.

सीएनजीवाला_सिडको

टूल मला हवंय. किटचे जोड उघडले, सातपैकी पाच नुसते पिळलेले आहेत. या शनिवारी येऊ का?

चाकोरी

या. संध्याकाळी सहानंतर घरी आहे. येताना हेडलाइटचा जुना कपलर आणा, बघायचाय.